'शेक दिला की मुलाची बुद्धी जाते': हा मेसेज कुठे चुकतो

खारघर-कळंबोलीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मुलाच्या डोक्याला शेक, म्हणजे रेडिएशन, दिलं की बुद्धी कायमची जाते. अर्धे शेक घेऊन थांबा, नाहीतर प्रोटॉन घ्या, त्याने काहीच होत नाही.' (प्रोटॉन म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा शेक.) मेंदूच्या गाठीच्या उपचारासाठी इथे खोली घेऊन राहणाऱ्या आईबापांपर्यंत तो पोचतो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

बुद्धी जाते? परिणाम होतो, आणि तो पालकांना आधीच सांगायला हवा. पण शिकलेलं सहसा पुसलं जात नाही. मंदावतो तो वेग, कारण मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंना इजा होते. चौथीतल्या मुलाला सातचा पाढा येतो, पण उत्तर द्यायला वेळ लागतो. फळ्यावरची दुसरी ओळ उतरवेपर्यंत बाई फळा पुसतात. बरोबरीची मुलं पुढे जात राहतात, म्हणून चाचणीतला बुद्ध्यांक वर्षागणिक उतरताना दिसतो. सहा महिन्यांत मूल ठीक दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

वय जितकं लहान, डोस जितका जास्त आणि मेंदूचा जितका मोठा भाग शेकात, तितका परिणाम जास्त. म्हणूनच तीन वर्षांखालच्या मुलांना शक्यतो आधी केमो देऊन शेक लांबवतात किंवा टाळतात. शिवाय सगळा दोष शेकाचा नसतो. डोक्यात साचलेलं पाणी, गाठ आणि ऑपरेशन यांचाही वाटा असतो. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने ऐकू कमी आलं, तर तेही 'लक्ष नाही' असंच दिसतं.

अर्धे शेक घेऊन थांबणं सर्वांत घातक. मेड्युलोब्लास्टोमा ही मुलांच्या मेंदूतली कॅन्सरची गाठ मेंदू-कण्याच्या पाण्यातून पसरते. सरासरी जोखमीच्या मुलात आधी पूर्ण मेंदू आणि कण्याला 23.4 ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप), मग गाठीच्या जागी एकूण 54 ग्रेपर्यंत: रोज 1.8 ग्रे, 30 सिटिंग, आठवड्याला पाच. अमेरिकेतल्या एका चाचणीत 3 ते 7 वर्षांच्या मुलांचा पूर्ण मेंदू-कण्याचा डोस 18 ग्रेवर आणला, तर आजार परतण्याचं प्रमाण वाढलं. मधेच सोडलेल्या शेकाने मेंदूला झळ तर बसतेच, गाठही उरते.

प्रोटॉनची सोय 2023 पासून खारघरच्या अॅक्ट्रेकमध्येही, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कॅन्सर केंद्रात आहे. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर थांबतात, त्यामुळे कण्याला शेक देताना छाती-पोट वाचतं आणि गाठीच्या जागेच्या शेकात बाकीचा मेंदू कमी सापडतो. पण पूर्ण मेंदूला शेक द्यायचाच असेल, तर तेवढ्या टप्प्यात प्रोटॉन असो वा साधा शेक, मेंदूला सारखाच डोस मिळतो. साध्या, क्ष-किरणांच्या यंत्रावरही नेमकेपणाने फरक पडतो. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत सौम्य गाठी असलेल्या 200 मुला-तरुणांना 54 ग्रेच दिले. अचूक नेम धरलेल्या गटात पाच वर्षांनी बुद्ध्यांक अधिक टिकला आणि गाठ तितकीच काबूत राहिली.

शेक सुरू होण्याआधी मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांकाची चाचणी करून घ्या. पुढच्या घसरणीची तुलना त्याच आकड्याशी होते. केमोत कानांची तपासणी, नंतर थायरॉइड आणि उंचीची नियमित नोंद ठेवा. थायरॉइड कमी पडलं तर मूल सुस्त, विसराळू दिसतं आणि ते गोळीने सुधारतं. शाळेला डॉक्टरांचं पत्र द्या आणि पहिला बाक, उतरवण्याऐवजी वहीची झेरॉक्स आणि पेपरला जादा वेळ मागा. दहावीच्या सवलतीसाठी कागद लागतात, म्हणून प्रत्येक चाचणीचा रिपोर्ट फाइलला लावून ठेवा.