थंडी बाहेर, हीट पंप तळघरात

'थंड प्रदेशात हीट पंप वॉटर हीटर म्हणजे पैसे पाण्यात' अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (हीट पंप वॉटर हीटर म्हणजे भोवतालच्या हवेतली उष्णता उपसून पाणी तापवणारी विजेची टाकी.) मुद्दे पाच, उद्गारचिन्हं मोजवत नाहीत. एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकते. पण हा माझ्या दाजींपर्यंत पोचला. ताई-दाजी राहतात तिथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतं. त्यांच्या तळघरातली विजेवर पाणी तापवणारी जुनी टाकी बुडाशी गंजून झिरपायला लागली आहे आणि तिच्या जागी हीट पंपवाली घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मेसेज वाचला आणि दाजींनी प्लंबरला 'जरा थांबा' म्हणून कळवलं. एवढ्यावर भागलं असतं तर फोनवरच मिटवलं असतं, पण त्यात एक सल्ला असा घातलाय की तो पाळणारा माणूस आजारी पडू शकतो. म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिला दावा: 'हवेत ऊबच नसेल तर मशीन ती आणणार कुठून? शून्याच्या खाली हीट पंप बंद!'

हे लिहिणाऱ्याच्या घरी फ्रीज नसावा. फ्रीझरच्या आत उणे १८ अंश असतात. त्या उणे १८ मधूनच उष्णता उपसून फ्रीज ती स्वयंपाकघरात सोडतो; मागे हात लावून बघा. हीट पंप वॉटर हीटर हे तेच यंत्र, फक्त उपसलेली उष्णता टाकीतल्या पाण्यात जाते. यात सर्रास वापरलं जाणारं आर-१३४ए हे रेफ्रिजरंट, म्हणजे नळ्यांतून फिरून उष्णता वाहून नेणारं द्रव्य, हवेच्या साध्या दाबाला उणे २६ अंशांनाच उकळतं. त्याच्या हिशेबाने बर्फसुद्धा गरम. हवा जितकी गार, तितके कॉम्प्रेसरला कष्ट जास्त आणि बचत कमी, हे मात्र खरं आहे आणि कुणी नाकारतही नाही.

खरी गंमत पुढे आहे. या दाव्याला 'पुरावा' म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं नाव दिलंय: 'सरकारच सांगतं, ४ अंशांच्या खाली वापरू नका.' मूळ मार्गदर्शन काढून वाचलं. तिथे म्हटलंय की हा हीटर अशा जागी बसवावा, जिथे वर्षभर ४.४ ते ३२.२ अंश सेल्सिअस तापमान राहतं आणि भोवती सुमारे २८ घनमीटर हवा आहे, म्हणजे साधारण साडेतीन मीटर लांब-रुंद खोली. जिथे हीटर उभा राहणार त्या जागेबद्दल ते बोलताहेत, गावच्या हवामानाबद्दल नाही. बाहेर उणे २० असेना का, जमिनीत गाडलेल्या आणि शेजारी घर तापवणारी भट्टी असलेल्या तळघराला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. तिथे भर हिवाळ्यातही १०-१५ अंश असणं ही काही नवलाई नाही. आणि त्याच विभागाने हेही लिहिलंय की साध्या विजेच्या हीटरपेक्षा हा दोन ते तीनपट कार्यक्षम असतो. ती ओळ मेसेजवाल्याला बरोब्बर दिसली नाही.

समजा जागा ४ अंशांच्या खाली गेलीच, तरी 'बंद' काही पडत नाही. बाजारातले बहुतेक हीटर हायब्रिड असतात. टाकीत जुन्यासारखा हीटिंग रॉडही असतो. हवा फार गार झाली की कॉम्प्रेसर थांबतो, रॉड सुरू होतो. त्या वेळेपुरती बचत गेली, आंघोळ नाही गेली. ज्यांना तळघरच नाही त्यांच्यासाठी पंखा आणि कॉम्प्रेसर घराबाहेर ठेवायचे प्रकारही आहेत. जपानमध्ये २००१ पासून 'इको क्यूट' नावाने, रेफ्रिजरंट म्हणून कार्बन डायऑक्साइड वापरणारे असे हीटर विकले जातात आणि त्यांची थंड भागांसाठीची मॉडेलं उणे २५ अंशांतही चालतात.

दुसरा दावा, '३०० टक्के कार्यक्षमता ही फसवणूक, ऊर्जा निर्माण होत नसते'. बरोबर, निर्माण होत नाही, हलवली जाते. एक युनिट वीज खर्चून दोन युनिट उष्णता हवेतून आणली की पाण्यात तीन युनिट पडतात. विषय संपला.

तिसरा दावा जरा वेगळा: 'हा हीटर घरातलीच ऊब चोरतो. एका खिशातून काढून दुसऱ्यात.' यात तथ्य आहे, नाइलाजाने का होईना, कबूल करायला हवं. पण किती तथ्य, ते मोजता येतं. २०० लिटर पाणी ५ अंशांवरून ५५ ला न्यायला साधारण साडेअकरा युनिट उष्णता लागते. तीनपटीच्या हिशेबाने त्यातली जवळपास चार युनिट विजेची, उरलेली पावणेआठच्या आसपास हवेतली. दिवसभरावर पसरली तर ही सरासरी सव्वातीनशे वॅट होते. कडाक्याच्या थंडीत अख्खं घर उबदार ठेवायला हजारो वॅट लागतात, त्यापुढे ही चोरी भुरटीच म्हणायची.

तरी समजा, हीटर राहत्या, तापवलेल्या खोलीत आहे आणि घर साध्या विजेच्या हीटरवर तापतं. मग ती पावणेआठ युनिट हिवाळ्यात तुम्हालाच भरून द्यावी लागतील. एकूण हिशेब झाला साडेअकराचा, म्हणजे जुन्या टाकीएवढाच. फायदा शून्य, पण तोटाही जवळपास शून्यच, आणि ज्या महिन्यांत घर तापवावं लागत नाही तेव्हा बचत पुरी. घर हीट पंपावरच तापत असेल तर हिवाळ्यातही काही उरतं. न तापवलेल्या तळघरात तर बरीचशी उष्णता भिंतींमागच्या मातीतून आणि भट्टीच्या वाया जाणाऱ्या उबेतून येते. तळघर दोन-चार अंशांनी गार होतं, इतकंच. नको तिथे बसवला तर मात्र मेसेजवाला बरोबर ठरेल: बंद कपाटात, किंवा बाहेरच्या न तापवलेल्या शेडमध्ये. आणि कुणी शहाणा 'गार हवा पाइपने बाहेर सोडा' म्हणाला तर त्याला विचारा की तेवढीच हवा आत कुठून येणार. फटींतून, बाहेरची, गोठलेली.

आता तो सल्ला. शब्दशः असा: 'घेतलाच असेल तर तापमान ४० अंशांवर ठेवा, नाहीतर कॉम्प्रेसर जळतो.'

कृपा करून असं करू नका. टाकीत साठलेलं ४० अंशांचं पाणी हे लीजिओनेला नावाच्या जिवाणूचं माहेरघर आहे. साधारण २० ते ४५ अंशांत तो वाढतो, ऊबदार साठलेल्या पाण्यात आणि टाकीच्या तळाच्या गाळात त्याचं चांगलं फावतं. हे पाणी पिऊन सहसा काही होत नाही. शॉवरखाली उभं राहिल्यावर जे बारीक तुषार उडतात ते श्वासातून फुप्फुसात जातात आणि न्यूमोनियासारखा गंभीर आजार होऊ शकतो. धोका सगळ्यात जास्त म्हाताऱ्या माणसांना, सिगारेट ओढणाऱ्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना. दाजींच्या आई त्याच घरात राहतात. त्यांचं वय आणि दमा पाहता हा मेसेज त्यांच्यासाठी सरळ विषारी आहे.

ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हची सूचना स्पष्ट आहे: गरम पाणी किमान ६० अंशांवर साठवा. घरगुती वापरासाठी कुणी ४९-५० पुरे म्हणतात, कारण ६० च्या पाण्याने पाचेक सेकंदांत गंभीर भाजतं. तो वाद खरा आहे आणि त्यावर उपायही आहे: टाकीत ६०, आणि टाकीच्या तोंडाशी मिक्सिंग व्हॉल्व्ह, जो गार पाणी मिसळून नळाला बेताचं पाणी देतो. पण ४० पुरे असं कुठलाही जाणकार म्हणत नाही. बरं, कॉम्प्रेसर जळायचंही कारण नाही. ६० च्या आसपास पाणी तापवण्यासाठीच हे यंत्र घडवलेलं असतं, आणि कॉम्प्रेसरला जड जाऊ लागलं तर वरची कसर रॉड भरून काढतो. तापमान वाढवलं की कार्यक्षमता थोडी उतरते. उतरू दे.

बाकी किरकोळ. 'पाणी तापायला जन्म जातो': हो, हळू तापतं. घरात बसणाऱ्या साध्या मॉडेलचा हीट पंप पाण्यात सव्वा-दीड किलोवॅट उष्णता घालतो, म्हणजे आख्खी २०० लिटरची टाकी गार असेल तर आठ-नऊ तास. साडेचार किलोवॅटचा रॉड तेच काम अडीच-तीन तासांत उरकतो. म्हणून टाकी एक माप मोठी घ्यायची आणि पाहुणे असतील तेव्हा हायब्रिडवर टाकायची. आवाज होतो, ४५ ते ५५ डेसिबल. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून बसवू नका, तळघरात कुणाला त्रास नाही.

आणि शेवटचं 'मशीन गळतं' हे तर निव्वळ अज्ञान. हवा गार कॉइलवरून जाते तेव्हा तिच्यातली वाफ थेंब होऊन पडते, एसीला पडते तशीच. त्यासाठी एका बाजूला बारीक नळी दिलेली असते. ती उतार देऊन मोरीच्या जाळीपर्यंत न्यायची. जाळी वर असेल तर छोटा पंप बसतो. फक्त नळी बाहेरच्या भिंतीतून काढू नये, गोठून तुंबते आणि मग खरंच तळघरात पाणी होतं. प्लंबरला परत बोलवाल तेव्हा दाजी, हे त्याला आधी सांगा. आणि तो येईपर्यंत एक थर्मामीटर तळघरात, टाकीच्या जागेजवळ टांगून ठेवा.