चौकटीतली मुलं आणि ‘खरं’ वाचन

सुट्टीत वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत पुतण्याने ‘चिंटू’ या चित्रमालिकेचे तीन संग्रह लिहिले. बाईंनी तिन्ही नावं खोडली आणि शेजारी लाल शाईत शेरा मारला, ‘पुस्तकांची नावे लिहावीत.’ घरच्या ग्रुपवर त्या पानाचा फोटो आला. दादाने लगेच बाईंची बाजू घेतली. चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, मराठी मुलांचं वाचन बुडालं ते यामुळेच, वगैरे. मला हे अजिबात पटलेलं नाही.

मी अमेरिकेत सेंट पॉलला राहतो. ‘पीनट्स’ ही चित्रमालिका काढणारे चार्ल्स शुल्झ याच गावात वाढले. त्यांच्या वडिलांचं सलून इथेच होतं, आणि मालिकेचा नायक चार्ली ब्राऊन, त्याचे वडीलही न्हावीच. आमच्या ब्रँच लायब्ररीत ‘पीनट्स’चे समग्र खंड ७४१.५ या चित्रकथांच्या क्रमांकावर, मोठ्यांच्या विभागात लावलेले असतात. आधी नंबर लावून नेणाऱ्यांत निवृत्त माणसंही असतात. त्यांना कोणी कमी लेखत नाही.

दादाने असा एक खंड सलग वाचून बघावा. एका खंडात दोन वर्षं, एका पानावर तीन दिवस, रविवारचं पान वेगळं. २ ऑक्टोबर १९५० च्या पहिल्याच पट्टीत दोन मुलं रस्त्याकडेला बसलेली आहेत. समोरून चार्ली ब्राऊन येतो. तो जवळून जाईपर्यंत त्यातला मुलगा ‘आपला चार्ली ब्राऊन’ असं प्रेमाने म्हणत असतो. तो दिसेनासा होताच चेहरा बदलतो आणि म्हणतो, किती राग येतो मला त्याचा! मुलांच्या जगातला दुष्टपणा पहिल्याच दिवशी इतक्या सरळ मांडणाऱ्याला बाळबोध म्हणायचं?

फुटबॉलचंच घ्या. चार्ली ब्राऊनने धावत येऊन लाथ मारायची, म्हणून कोणीतरी चेंडू जमिनीवर धरायचा. १९५१ मध्ये तो व्हायोलेट नावाच्या मुलीने धरला होता, तिने घाबरून सोडला. पुढच्या वर्षापासून लूसी ही दुसरी मुलगी धरते आणि आयत्या वेळी काढून घेते. चार्ली ब्राऊन पाठीवर आपटतो. हे जवळजवळ अर्धं शतक चालतं. १९९९ मध्ये लूसीला जेवायला घरात बोलावतात, म्हणून ती चेंडू धाकट्या भावाच्या, रीरनच्या हाती देते. त्याने काढून घेतला की नाही, हे तो तिला शेवटपर्यंत सांगत नाही. एवढीच पट्टी पेपरात पाहिली तर जेमतेम हसू येईल. आधीची सगळी आपटणी वाचून तिथे पोचलेल्याच्या मात्र पोटात तुटतं. कादंबरी याहून वेगळं काय करते? आणि हे सगळं शुल्झनी मदतनीस न घेता एकट्याने काढलं. शेवटचं रविवारचं पान १३ फेब्रुवारी २००० ला छापून आलं, त्याच्या आदल्या रात्री ते गेले.

चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे सकाळी पेपरसाठी ओढाताण व्हायची. बाबांचा पेपर वाचून झाला की चिंटू कापून जुन्या वहीत खळीने चिकटवायचं काम दादाचं. दुसऱ्या कुणाला तो कात्रीसुद्धा लावू द्यायचा नाही. मिनी, पप्पू, बगळ्या, जोशीकाकू ही माणसं आम्हाला कोणी समजावून दिली नव्हती. त्याच वहीच्या मालकाने आज ते वाचन नव्हे म्हणावं, याचा मला राग आला आहे.

इथले मित्र म्हणतात, पीनट्सबद्दल तुला आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. ते कौतुकाने म्हणतात, पण मला ते टोचतं. ज्याचं ते असतं, त्याला एवढी माहिती गोळा करावी लागत नाही. चिंटूबद्दल मी कधी काही शोधत बसलो नाही. तो आमच्या गल्लीतलाच होता. चार्ली ब्राऊनचा बर्फ मात्र मला शिकून घ्यावा लागला, आणि इतकी वर्षं राहूनही तो शिकलेलाच राहिला आहे.

माझ्या मुलीचं नेमकं उलट आहे. चार्ली ब्राऊन तिला आपसूक मिळाला. चिंटूच्या संग्रहात ती दर पानाला थांबते. पाहुणे आल्यावर चिंटूला आत का पाठवतात? शेजारच्या बाईंना काकू का म्हणायचं, त्या आपल्या कोण लागतात? मी सांगतो, मग ती फुग्यातली ओळ मोठ्याने, अक्षर अक्षर लावत वाचते. हे वाचन नव्हे असं दादाने तिच्यासमोर म्हणून दाखवावं. मराठीत तिला सध्या एवढंच वाचता येतं, आणि ते ती रोज मागून घेते.