खंडेनवमीला बंदूक पुसणार असाल तर आधी हे वाचा

परवा खंडेनवमी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, दुपारनंतर मशीन बंद होतील, पान्ह्यापासून लेथपर्यंत सगळ्याला हळदीकुंकू लागेल. आणि राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडं ज्यांच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, ते ती काढून सोप्यात पुसायला बसतील. त्यांच्यासाठी लिहितोय. थोडं मोठं आहे, पण पूर्ण वाचा.

गेल्या खंडेनवमीला माझ्या चुलत्यांचा पाय भाजला. सकाळी साडेनऊची वेळ. परातीत पाव लिटर पेट्रोल, त्यात बारा बोअरच्या काडतुसी बंदुकीच्या नळ्या उघडून ठेवलेल्या, हातात जुन्या धोतराचा तुकडा. घट बसलेला होता, त्याच्याजवळ नंदादीप. परात आणि दिवा यांच्यात पाच-सहा पावलांचं अंतर. चुलते जागचे हललेही नव्हते. जमिनीवरून निळसर जाळ सरसरत आला आणि परातीनं पेट घेतला. चुलतीनं गोधडी पाण्यात बुडवून टाकली म्हणून पायावर निभावलं. दवाखान्यात ते एकच सांगत होते, "मी दिव्याजवळ गेलोच नाही रे."

बरोबर आहे त्यांचं. ते दिव्याजवळ गेले नाहीत, पेट्रोल गेलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, फरशीला धरून पाण्यासारखी पसरते आणि उताराला लागते. उणे 40 अंशालासुद्धा पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ निघते. म्हणजे आपल्या घरात बाटलीचं झाकण काढलं की ते पेटायला तयारच असतं. रॉकेलला त्यासाठी 35-40 अंशांच्या पुढं तापावं लागतं. म्हणून जुन्या माणसांनी आयुष्यभर रॉकेलनं बंदुका पुसल्या आणि त्यांचं निभावलं. आमच्या गावात रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं, तेव्हा त्याच बाटलीत पेट्रोल आलं. सवय तीच राहिली, बाटलीतला माल बदलला. थिनरचंही तेच, नेलपॉलिश काढायच्या अॅसिटोनचंही तेच. नऊ दिवस घरात अखंड दिवा तेवत असताना या तिन्ही वस्तू उंबऱ्याच्या आत नकोत.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या हातून घडलेली आहे आणि तिचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. दाजीपूरच्या बाजूनं गवे आणि रानडुकरं भातात उतरायची, तेव्हा रात्री माळ्यावरून हवेत बार काढायचा, एवढंच तिचं काम. बार काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी आजी चुलीवर पाणी उकळायची. आजोबा नळी लाकडी दस्त्यापासून वेगळी करायचे, खालचं टोक बादलीत धरायचे आणि वरून उकळतं पाणी ओतायचे. टोपी बसते त्या बारीक भोकातून काळं पाणी पिचकारीसारखं यायचं आणि परसात सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. गजाला चिंधी गुंडाळून वरखाली, परत पाणी, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळी इतकी तापायची की पोत्यानं धरावी लागायची, आणि त्या उष्णतेनंच आतून कोरडी व्हायची. मग गरम असतानाच तेलाचं बोट.

मी आयटीआय करून उद्यमनगरात लागलो होतो. आमच्याकडं प्रत्येक पार्ट डिझेलनं नाहीतर रॉकेलनं धुतला जातो, लोखंडाला पाणी लावणं म्हणजे पाप. आजोबा गेल्यावर बंदूक आण्णांच्या नावावर आली आणि मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, पाणी बंद, मी डिझेलनं धुऊन देतो. धुतली. वरून चकाचक दिसत होती. पावसाळा संपून नळीत टॉर्च मारला, तर आत देवीचे व्रण असावेत तसे खड्डे. दारूच्या जागेजवळ तर बोटभर पट्टा पार खाल्लेला. ठासणीची नळी अशी खाल्ली गेली की तिच्यात परत दारू भरायची हिंमत कुणी करू नये. ती बंदूक आता फक्त पूजेला निघते.

चूक कुठं झाली ते खूप उशिरा समजलं. ठासणीची काळी दारू म्हणजे तीन चतुर्थांश सोरा (पोटॅशियम नायट्रेट), बाकी कोळसा आणि गंधक. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागं उरतं, आणि त्यात बहुतेक पोटॅशियमचे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढतात आणि लोखंडाला धरून बसतात. हे क्षार डिझेल-रॉकेलात विरघळत नाहीत. पटत नसेल तर वाटीत रॉकेल घेऊन चिमूटभर मीठ टाका आणि कितीही ढवळा, मीठ तळाशी तसंच राहील. पाण्यात टाकलं तर क्षणात दिसेनासं होतं. मी डिझेलनं वरची काजळी आणि तेल काढलं आणि क्षार आतच ठेवला. शाळेची पायरी न चढलेल्या आजोबांची पद्धत रसायनशास्त्राला धरून होती. माझी नव्हती.

मला सांगायचंय ते एवढंच. मशीनचा मळ म्हणजे तेल, ग्रीस आणि बुरा. बंदुकीचा मळ तिच्यातून काय उडालं त्यावर ठरतो. आधी मळ ओळखा, मग बाटलीला हात लावा.

काडतुसाच्या बंदुकीत बिनधुराची दारू असते. तिची काजळी, छऱ्यांचं शिसं आणि काडतुसातल्या प्लॅस्टिकचा थर नळीत राहतो. तिथं रॉकेल आणि पितळी ब्रश चालतो, माझी काही हरकत नाही. फक्त हे काम अंगणात करा, आणि रॉकेल पुसून कोरडं केल्यावर तेलाचा पातळ हात फिरवायला विसरू नका. रॉकेल मळ काढतं, राखण करत नाही. डब्ल्यूडी-40 च्या स्प्रेचंही असंच. 1953 साली ओल हटवायला बनवलेली वस्तू आहे ती. ओल हटवते, पण राधानगरीच्या पावसात चार महिने तिच्या भरवशावर बंदूक ठेवायची नाही. निवडणुकीच्या वेळी बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात आणि कित्येक आठवड्यांनी परत मिळतात, तेव्हा जमा करण्याआधीचा तेलाचा हातच कामाला येतो.

दस्त्याला मात्र स्पिरिट आणि थिनर लावूच नका. जुन्या दस्त्यांवर लाखेचं पॉलिश असतं, ते स्पिरिटनं चिकट होऊन निघून येतं. व्हिनेगर आणि संडास साफ करायचं अॅसिड गंज काढतं हे खरं, पण नळीचा निळा-काळा रंग हाही लोखंडाच्या ऑक्साइडचाच थर असतो. गंजाबरोबर तोही जातो आणि नळी उघडी पडते.

व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र करून नळीतलं शिसं 'जादूसारखं' काढायचं. हात जोडून सांगतो, करू नका. शिसं नाहीसं होत नाही, त्याचं पाण्यात विरघळणारं विषारी अॅसिटेट होतं. तेच पाणी तुम्ही मोरीत ओतता, तिथंच आई भांडी घासते, तिथंच लहान पोर हात धुतं. ब्रशनं निघतं तेवढं शिसं काढा, त्या चिंध्या पिशवीत बांधून वेगळ्या ठेवा आणि जेवायच्या आधी साबणानं हात धुवा.

हे फक्त खेड्यातल्या बंदुकांपुरतं नाही. आपली तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं, आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ. आज कोल्हापुरात मध्यमवर्गीय घरांत एअर रायफली आल्यात, ही अभिमानाची गोष्ट आहे. माझी मुलगीही दुधाळीच्या शूटिंग रेंजवर जाते. तिची रायफल मी एकदा कौतुकानं तेलाचा स्प्रे मारून पुसायला घेतली, तेव्हा तिच्या सरांनी माझा हातच धरला. या रायफलीच्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास दोनशे पट दाबानं, हवा भरलेली असते. एवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल गेलं की ते डिझेल इंजिनात पेटतं तसं पेटू शकतं. रबरी सीलही अशा तेलानं खराब होऊ शकतात. तिथं कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस तेवढं, आणि नळी पुसायला फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) गोळी. रॉकेल नाही, पेट्रोल नाही, आईच्या कपाटातलं काही नाही.

चुलत्यांचा पाय आता बरा आहे, घोट्यावर गुलाबी कातडी आली आहे. परवा मी सकाळीच गावी जाणार आहे. बारा बोअर मीच उघडणार, काडतूस नाही ना हे दोघांनी दोनदा बघणार, आणि पुसायला बसणार ते गोठ्यापलीकडं, चिंचेखाली. जाताना इथल्या दुकानातून रॉकेल, पितळी ब्रश आणि तेल घेऊन जातोय. तिकडच्या कुणाला हवं असेल तर खाली लिहा, जादा घेतो.