हत्ती गेला, शेपूट राहिले

माझ्या १९७६ सालच्या टोयोटा लँड क्रूझर एफजे-४० या जीपसारख्या गाडीचे मूळ इंजिन किती सुस्वभावी होते, हे मला ते काढून टाकल्यानंतर समजले. ४.२ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले ते बिडाचे धूड चोक ओढला की दोनदा खाकरून सुरू होई आणि मग दिवसभर मला एकही प्रश्न विचारत नसे. चढावर मात्र त्याचा जीव वर जाई. अशाच एका चढावर एका सायकलस्वाराने मला मागे टाकता टाकता सहानुभूतीने मान डोलावली आणि माझ्या मनात इंजिनबदलाचे बीज पडले.

जाणकारांचे एकमत होते की जनरल मोटर्सच्या १९९९ नंतरच्या ट्रकमधले ५.३ लिटरचे व्ही-एट (आठ सिलिंडर ‘व्ही’ आकारात मांडलेले) इंजिन आणि त्याच्यासोबतचा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्यासारखी जोडी शोधून सापडणार नाही. हे इंजिन लांबीला आखूड, झडपा हलवणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, ब्लॉकमध्येच असल्यामुळे उंचीलाही आटोपशीर, आणि ताकद जुन्याच्या दुप्पट. ‘दोन दिवसांचे काम आहे,’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप मी करणार नाही. शनिवारी चेन-पुलीने जुने इंजिन वर उचलले आणि रविवारी संध्याकाळी नवे इंजिन चासीवर टेकले. पत्नीने माझे त्याच्याशेजारी उभे असलेले विजयी छायाचित्र काढले. त्या छायाचित्राला आता दोन वर्षे झाली आहेत.

लांबीला आखूड असलेले इंजिन रुंदीला मात्र ऐसपैस असते, हा तपशील कोणी बोलले नव्हते. डाव्या बाजूचा एक्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याला जाऊन भिडला. इंजिन वर उचलावे तर बॉनेट लागेना, आणि खाली घ्यावे तर गाडी खड्ड्यात दबताच पुढचा एक्सल तेलाच्या चेंबरला धडकणार. नेमके किती अंतर उरते हे पाहण्यासाठी मी चेंबरखाली मुलीच्या खेळण्यातल्या चिकणमातीचे गोळे चिकटवले आणि शेजाऱ्यांना बोलावून बंपरवर नाचायला लावले. गोळ्यांच्या पुऱ्या झाल्या. चेंबर बदलले. पेट्रोलचीही तीच कथा: कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय दाबाचे पेट्रोल पुरत असे, या इंजेक्टरांना ५८ लागतात, म्हणून पंप, नळ्या आणि फिल्टर सगळेच नवे.

परंतु खरे शेपूट होते वायरिंगचे. इंजिनासोबत आलेला वायरींचा तो गुंता जमिनीवर पसरला तेव्हा एखाद्या मोठ्या प्राण्याची मज्जासंस्था सोलून ठेवल्यासारखा दिसत होता. इंजिन आणले त्या दिवशी मी प्रत्येक टोकाला मोठ्या शिस्तीने कागदी चिठ्ठी बांधली होती. सहा महिन्यांनी त्या चिठ्ठ्या वाचायला बसलो, तेव्हा काहींवरची पेन्सिल पुसली होती, एकीवर ‘हे नंतर बघू’ असे लिहिले होते आणि एका जाड, विणलेल्या तारेवर फक्त ‘महत्त्वाचे!’ एवढेच होते. कशासाठी महत्त्वाचे, हे लिहिण्याची गरज त्या दिवशी मला भासली नसावी. ती तार मी जपून कपाटात ठेवली.

अखेर किल्ली फिरवण्याचा मुहूर्त आला. ‘टक्’ असा आवाज आला आणि शांतता पसरली. पुढचे तीन आठवडे मी बॅटरी, स्टार्टर, रिले, फ्यूज आणि स्वतःचा स्वभाव हे सारे तपासले. इंजिन रबरी माउंटिंगवर बसत असल्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध राहत नाही आणि तो जोडण्यासाठी अर्थिंगची एक जाड, विणलेली तार लागते, हे ज्या रात्री माझ्या वाचनात आले, त्या रात्री मी कोणाशी काही न बोलता कपाट उघडले.

त्यानंतर इंजिन लगेच सुरू झाले आणि दोन सेकंदांत बंद पडले. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. त्याच्या संगणकाला मूळ ट्रककडून चोरीविरोधी संकेत हवा होता. तो न मिळाल्यामुळे त्याने मला रीतसर चोर ठरवले होते. एका तरुणाने लॅपटॉप जोडून त्याची समजूत काढली. माझ्या बाजूने कोणीतरी बोलले, याचेच मला अप्रूप वाटले.

गाडी रस्त्यावर आली, पण ताशी साठच्या पुढे आरसे थरथरू लागले. नवा गिअरबॉक्स बसवताना ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) मागे सरकली होती. आधीच आखूड असलेल्या गाडीत तिथून मागच्या एक्सलला ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट त्यामुळे आणखी आखूड आणि तिरका झाला होता. त्याच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (तिरके वळूनही फिरणाऱ्या सांध्यांचे) कोन सारखे नसतील तर एक्सलला मिळणारी गती प्रत्येक फेरीत कमीजास्त होते आणि गाडी हुडहुडी भरल्यासारखी कापते. एक्सलखाली पाचरी ठोकून तो कोन जुळवण्यात आणखी एक महिना गेला.

आता गाडी उत्तम चालते. केवळ माझा डावा पाय अजूनही नसलेला क्लच शोधायला जातो, त्याला ब्रेक सापडतो आणि सगळे जण काचेकडे झेपावतात. डॅशबोर्डला भोक दिसू नये म्हणून चोकचा खटका मी तसाच ठेवला आहे. त्याला मागे काहीही जोडलेले नाही. परवा मी तो ओढताना पाहून पत्नीने विचारले, “अहो, हा कशाचा?”

“तो ओढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही,” मी सांगितले आणि किल्ली फिरवली.