विषाणू म्हणजे पेशीने फेकलेला कचरा नव्हे

गेल्या आठवड्यात आत्याने मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक संदेश पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : "मग त्या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या?" तिच्या घरातली एक व्यक्ती अकरा वर्षे एचआयव्हीवरच्या एआरटीच्या, म्हणजे विषाणूची वाढ रोखणाऱ्या उपचाराच्या गोळ्या घेत आहे. संदेश वाचल्यापासून तीन दिवस त्या व्यक्तीने गोळीला हात लावलेला नव्हता. हाच संदेश मी याआधी दुसऱ्या दोन गटांवर पाहिला होता आणि वेळ कशाला घालवायचा म्हणून सोडून दिला होता. ते माझे चुकले.

संदेशाचे म्हणणे असे : विषाणू बाहेरून येतच नाही. पेशी आजारी पडली की टाकाऊ पदार्थ पुडीत बांधून बाहेर टाकते आणि त्या पुडीलाच शास्त्रज्ञ विषाणू म्हणतात. पुडीचे आवरण आपल्याच पेशीचे असते, हा याचा पुरावा. निर्जीव कणाला स्वतःची ऊर्जा नसते, त्यामुळे तो पेशी फोडून बाहेर येऊच शकत नाही. विषाणू आजवर कोणी वेगळा करून दाखवलेला नाही. म्हणून विषाणूवरची औषधे ही आपल्याच पेशींवरचे विष आहेत, ती बंद करा.

आवरणाबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो मान्य करणे भाग आहे. एचआयव्ही, इन्फ्लुएन्झा, करोना या विषाणूंचे बाहेरचे वेष्टण खरोखरच आपल्या पेशीच्या लिपिड (स्निग्ध पदार्थाच्या) पटलातून घेतलेले असते. निरोगी पेशीही एक्झोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्या सोडतात, आणि त्या आकाराने एचआयव्हीच्या जवळपास असतात, हेही खरे. पण कापड आपल्या घरचे म्हणून ते पांघरून बाहेर पडणारा घरचा ठरत नाही. त्या वेष्टणाच्या आत नऊ हजारांहून अधिक अक्षरांच्या आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या, दोन प्रती असतात, आणि संसर्ग न झालेल्या माणसाच्या कोणत्याही पेशीत हा मजकूर सापडत नाही. पोलिओच्या विषाणूला तर असे पटलाचे वेष्टणच नसते. मग तो कोणत्या पुडीतला कचरा?

ऊर्जेचा मुद्दा मात्र सविस्तर पाहायला हवा, कारण तो शास्त्रीय वाटतो आणि नेमका तोच संदेशाच्या विरोधात जातो. पेशीचे प्रद्रव्यपटल, म्हणजे तिचे बाहेरचे आवरण, हा लिपिडचा जेमतेम चार-पाच नॅनोमीटर जाडीचा दुपदरी थर आहे आणि त्याला वाकायला आवडत नाही. रेणूंच्या सततच्या हालचालीतून आपोआप मिळणारी ऊर्जा भौतिकीत 'केटी' या एककात मोजतात. पटलाचा ताठरपणा सुमारे २० केटी धरला, तर सपाट पटलाचा पूर्ण गोळा वळवायला ८ गुणिले पाय (π, सुमारे ३.१४) गुणिले २०, म्हणजे सुमारे ५०० केटी लागतात. विशेष म्हणजे गोळा लहान असो वा मोठा, हा आकडा बदलत नाही. रेणूंच्या नुसत्या हेलकाव्यांतून एवढी ऊर्जा एका जागी जमत नाही, ती कोणीतरी पुरवावी लागते. एचआयव्हीच्या बाबतीत ती 'गॅग' नावाचे प्रथिन पुरवते. एका कणात गॅगचे साधारण अडीच हजार रेणू पटलाला आतून चिकटून एकमेकांत षटकोनी जाळीने गुंततात. प्रत्येक रेणू चिकटताना थोडी ऊर्जा मोकळी होते आणि त्या बेरजेतून पटल बाहेर फुगते. प्रयोगशाळेत पेशीला फक्त गॅगचे जनुक दिले, विषाणूचे बाकी काहीच दिले नाही, तरी विषाणूसारखे कण बाहेर पडू लागतात. म्हणजे फुगवणारे गॅगच आहे, आणि ते बनवायची कृती विषाणूच्या जनुकात लिहिलेली आहे.

दहावीच्या पुस्तकात हायड्राचे मुकुलायन असते, त्यात कळी शेवटी मातृशरीरापासून सुटते. विषाणूचीही कळी, म्हणजे पटलाचा बाहेर फुगलेला भाग, सुटावी लागते आणि खरी अडचण तिथेच येते. कळीची मान आपोआप तुटत नाही. कापणारे यंत्र मानेच्या आत, पेशीद्रव्याच्या बाजूने बसावे लागते, आणि एचआयव्हीकडे स्वतःचे असे यंत्र नाही. विषाणूकडे स्वतःची ऊर्जा नाही, हे संदेशातले वाक्य इथे लागू पडते. पण संदेशकर्ता जिथे थांबतो, तिथूनच २००१ साली 'सेल' या नियतकालिकात अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या वेस्ली सुंडक्विस्ट यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला शोधनिबंध सुरू होतो. पेशीतले टीएसजी-१०१ हे प्रथिन काढून टाकले तर एचआयव्हीचे कण सुटत नाहीत आणि ते परत दिले की पुन्हा सुटू लागतात, हे त्यांनी दाखवले. गॅगच्या शेपटाकडचा चार अमिनो आम्लांचा तुकडा या प्रथिनाला पकडतो आणि त्यामार्फत पेशीची कापणारी यंत्रणा मानेपाशी ओढून आणतो. तो तुकडा बिघडवला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात पूर्ण फुगलेले, आतून गडद थर असलेले कण देठाने पटलाला लटकलेले दिसतात. पेशी आपला कचरा फेकत असती, तर विषाणूच्या प्रथिनातली चार अमिनो आम्ले बदलल्याने तिचे काम का अडावे?

विषाणू कोणी वेगळा केला नाही, या दाव्यावर फार लिहीत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्येच भारतातील रुग्णांच्या नमुन्यांतून करोनाचा विषाणू वेगळा केला आणि त्याचे सूक्ष्मदर्शकातले चित्रही प्रसिद्ध केले.

उरला औषधांचा मुद्दा, ज्याने मी खरा अस्वस्थ झालो. एचआयव्हीचा कण सुटताना आणि सुटल्यावर त्याचे स्वतःचे प्रोटिएज नावाचे विकर (एन्झाइम) गॅगचे तुकडे करते आणि तेव्हाच कण संसर्गक्षम होतो. प्रोटिएज रोखणारी औषधे नेमके हेच थांबवतात. कण बाहेर पडतो, पण दुसऱ्या पेशीला संसर्ग करू शकत नाही. हे विकर विषाणूच्या जनुकावरून बनते, आपल्या नव्हे. गोळ्यांचे दुष्परिणाम होतात, ते डॉक्टरांना सांगावेत, पण त्यावरून त्यांना पेशींवरचे विष म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत सरकारनेच एचआयव्हीबद्दलच्या अशा शंकांना बळ देऊन औषधे लांबवली, आणि २००० ते २००५ या काळात त्यामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसे गेली, असा हार्वर्डच्या संशोधकांचा २००८ सालचा अंदाज आहे.

गोळ्या थांबल्या की पेशींच्या डीएनएत दडून बसलेला विषाणू बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच पुन्हा कण सोडू लागतो. आत्याला मी त्याच रात्री फोन केला आणि सांगितले की आजची गोळी आजच द्या, राहिलेल्या गोळ्या एकदम देऊ नका आणि उद्या एआरटी केंद्रात जाऊन तीन दिवस चुकल्याचे न लपवता सांगा.