गेम खेळू द्या की रे!

एकट्याने खेळायचा गेम आहे. मी एक, समोर राक्षस एक. आमच्या दोघांच्या भांडणात सर्व्हरचं काय काम?

काल रात्री घरात निजानीज झाल्यावर हेडफोन लावून बसलो, तर म्हणे आधी अपडेट. अठ्ठ्याहत्तर जीबी! यादी उघडून बघितलं काय बदललंय, तर ‘किरकोळ सुधारणा’. किरकोळ?? ते उतरेपर्यंत बारा वाजून गेले. मग गेम सुरू करून देणाऱ्या एका लाँचरमधून दुसरा लाँचर उगवला. त्याला पासवर्ड हवा. तो विसरलो तर ओटीपी हवा. ओटीपी स्पॅममध्ये सापडला तोवर त्याची मुदत संपलेली. मग मी माणूस आहे हे सिद्ध करायचं, म्हणजे सिग्नल असलेले चौकोन निवडायचे. खांब धरायचा की नुसते दिवे? खांब धरला. नापास. मग लांबलचक करार, ‘मी हे सर्व वाचले आहे’. हो वाचलं, पाठ केलं, पुढे चला! मग चार कंपन्यांचे लोगो, एकही वगळता येत नाही. मग ब्राइटनेस, ‘चिन्ह जेमतेम दिसेपर्यंत सरकवा’. मग शेडर्स, म्हणजे पडद्यावरच्या उजेड-सावल्यांचा हिशोब, तयार होतायत, नऊ टक्के. मग एक दाढीवाला म्हातारा हजार वर्षांपूर्वीचं भाकीत सांगायला लागला, अगदी निवांत, जसं काही सकाळी मुलीला शाळेच्या बसवर तोच सोडणार आहे.

आणि मग स्क्रीनवर आलं: ‘पुढे जाण्यासाठी डब्ल्यू दाबा’.

दाबला. ‘शाब्बास!’

शाब्बास? लेका, तू जन्मायच्या आधीपासून दाबतोय मी. पुढे कड्यावर जिथे चढायचं तिथे पिवळा रंग फासलेला, म्हणजे माझी अक्कल किती हे त्यांनी आधीच ठरवलंय. तरी चढलो. अर्ध्यात पोचलो आणि ‘सर्व्हरशी संपर्क तुटला’. थेट मेन मेनू. म्हातारा पुन्हा सुरू.

१९८९ च्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये राजकन्येला सोडवायला एकूण साठ मिनिटं मिळायची. अख्ख्या गेमला! इथे तेवढ्यात माझा माणूस धड कड्यावर चढला नाही.

विकत घेतलेला गेम आपला, असं समजू पण नका. ‘द क्रू’ या गाड्यांच्या गेमचं काय झालं? त्यात एकट्याने गाडी फिरवायलाही सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, पैसे मोजून घेतलेली डिस्क आता चहाचा कप ठेवायला. भाच्याला वाढदिवसाला काय हवं विचारलं तर गेममधल्या बंदुकीचा रंग. बंदूक पण नाही, रंग!

बरं, पूर्वी सगळं सोनं होतं असंही नाही. ‘९९९९९९९ इन वन’ कॅसेटवर जेमतेम डझनभर गेम नावं बदलबदलून यायचे. कॅसेट चालावी म्हणून तिच्यात फुंकर मारून गाल दुखायचे. डक हंटमधला तो कुत्रा बदक सुटलं की गवतातून वर येऊन हसायचा आणि त्याला गोळी लागायची नाही. हे ज्याने ठरवलं त्याच्याशी मला दोन शब्द बोलायचेत. प्रोजेक्ट आयजीआयमध्ये मिशन चालू असताना सेव्हच नाही. शेवटच्या दारापाशी कुठूनतरी एक गोळी आली की पुन्हा कुंपणापासून सुरुवात, आणि सायबर कॅफेचं मीटर चालूच. व्हाइस सिटीतलं ते रिमोटचं हेलिकॉप्टर! नमपॅडवर बोटं मोडून घेतली. सॅन अँड्रियासमध्ये ट्रेनच्या मागे बाइक मी चालवायची, नेम मागे बसलेल्या बिग स्मोकने चुकवायचा आणि शेवटी ऐकून मीच घ्यायचं.

ऑफिसात मला फार शांत समजतात. समजू देत. तिथे कुणाच्या हातात कंट्रोलर नसतो.

खरं तर गेल्या वर्षी सेलमध्ये घेतलेले कितीतरी गेम अजून उघडलेलेही नाहीत. अर्ध्या किमतीत मिळतोय म्हणून घ्यायचा आणि तसाच ठेवायचा. माझ्या आईच्या कपाटातल्या साड्यांवर मी आता काही बोलू शकत नाही. आणि काल दीड वाजता शेवटी राक्षसापर्यंत पोचलोच. पहिल्याच फटक्यात मेलो. मग परत मेलो. मग परत. तेव्हा गेमने अगदी मृदू आवाजात विचारलं, ‘काठिण्यपातळी कमी करायची आहे का?’

नाही म्हणालो. बाणेदारपणे. मग हॉलमधला दिवा बंद आहे ना, हे बघून हो दाबलं. बदल लागू होण्यासाठी गेम पुन्हा सुरू करा, म्हणे.

सकाळी भाच्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मामा, तू कशाला त्रास करून घेतोस? दुसरं कुणी खेळतानाचा व्हिडिओ बघ ना.” बघायला बसलो. आधी दोन जाहिराती. दुसरी वगळता येत नाही. पंचेचाळीस सेकंद एक बाई मला रमी खेळायला शिकवायच्या ऐवजी गुडघेदुखीचं तेल विकत होती, आणि तेल कुणासाठी आहे हे तिला बरोबर कळलं होतं.