एक सूर, सत्तावीस वायरी

मालवण तालुक्यातील आमच्या गावच्या माघी गणेशजयंतीला दशावतारी नाटकापूर्वीचा पाऊण तास मंडळाने मला देऊ केला, तेव्हा हाताशी चार महिने होते. इलेक्ट्रॉनिक संगीत लोकांसमोर तिथल्या तिथे घडवायचे, एवढे माझे ठरलेले होते. उरला होता तो प्रश्न केवळ सामानाचा, अशी माझी समजूत होती. त्या चारपैकी साडेतीन महिने सामान निवडण्यातच गेले आणि संगीताच्या वाट्याला जे पंधरा दिवस आले, त्यांतले आठ वायरी शोधण्यात गेले.

पहिला पेच लॅपटॉपचा होता. लॅपटॉप घेतला तर एका सॉफ्टवेअरमध्ये सगळा वाद्यवृंद मावतो, पण वादक वाजवतो आहे की आणखी काही करतो आहे, हे प्रेक्षकांना अखेरपर्यंत कळत नाही. मी पडवीत तालीम करत असताना काका दहा मिनिटे मागे उभे राहिले आणि अत्यंत आदराने म्हणाले, “सातबारो निघतलो काय रे ह्यातसून?” त्याच दिवशी मी लॅपटॉपच्या जोडीला हाताने फिरवायच्या खुंट्या असलेली खरीखुरी यंत्रे घेण्याचे ठरवले. खर्चाच्या दृष्टीने पाहता काकांचा तो प्रश्न मला फार महागात पडला.

सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारी पेटी, निवडताना आवाजाच्या गोडव्याइतकाच त्यातून एका वेळी किती सूर निघतात हा हिशोब महत्त्वाचा असतो. मला परवडणारा सिंथ एकसुरी निघाला, म्हणजे दोन पट्ट्या एकदम दाबल्या तरी तो एकीचाच मान राखतो. आईने त्याची किंमत ऐकली आणि ती म्हणाली, “येवढ्या पैशात एकच सूर? पेटीर धा बोटां ठेवलंस तर धा सूर येतत.” मी तिला मुंबईच्या चरणजित सिंग यांचा दाखला दिला. त्यांनी १९८२ साली टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एवढ्यावर दहा रागांची तबकडी काढली. ती तेव्हा फारशी कोणी विचारली नाही, पण २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरातल्या जाणकारांनी तोंडात बोटे घातली. आईने शांतपणे ऐकून घेतले. “म्हणजे तेका जवळजवळ तीस वर्षां थांबूचा लागला,” ती म्हणाली, “आणि आपलो कार्यक्रम माघात आसा.”

यंत्रे आली की त्यांना एकमेकांशी बोलते करावे लागते. त्यासाठी मिडी नावाची १९८३ सालची बोली आहे. तिच्यात सोळा वाहिन्या असतात आणि कोणतीही खुंटी ० ते १२७ यांपलीकडे काही सांगू शकत नाही. कुटुंबातल्या संवादालाही अशीच मर्यादा घालता आली असती तर बरे झाले असते. मिडीची ती पाच पिनांची गोल वायर, सिंथच्या दोन, तालयंत्राच्या दोन, यूएसबीच्या चार, शिवाय प्रत्येकाचा वेगळा अडॅप्टर, असे मोजत गेलो तेव्हा बेरीज सत्तावीस झाली. यंत्रे निवडताना मी महिनोन् महिने तुलना केली होती. वायरींची तुलना मात्र कोणीच करत नाही, आणि ऐन वेळी दगा देतात त्या वायरीच.

मध्यंतरी मला विलंबाचे वेड लागले. पट्टी दाबल्यापासून आवाज निघेपर्यंत संगणकाला जो अवधी लागतो, तो सेकंदभर आवाजाचे ४४,१०० तुकडे, म्हणजे नमुने, या हिशोबात २५६ नमुन्यांचा साठा धरल्यास सुमारे ६ मिलिसेकंद होतो आणि १०२४ धरल्यास २३. हा आकडा कमी करण्यासाठी मी अधिक महाग ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकातला आवाज बाहेर काढणारी डबी, घेतला. नंतर लक्षात आले की ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि काका मंडपात नेहमी अगदी मागे, गारेगारवाल्याजवळ, स्पीकरपासून तीस मीटरवर बसतात. त्यांना माझे संगीत कसेही ८८ मिलिसेकंद उशिराच ऐकू येणार होते.

किनाऱ्यावरच्या हवेचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत नसतो. खारी दमट हवा खुंट्यांच्या आत शिरते आणि आवाज वाढवताना तळणीत पाणी पडल्यासारखी चरचर ऐकू येते. पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो तो वेगळाच. मी सिलिका जेलच्या पुड्या मागवल्या. आईने त्या बाजूला सारल्या आणि कुळथाचे पापड ज्या घट्ट झाकणाच्या डब्यात कुरकुरीत राहतात, त्यात तालयंत्र ठेवले. ते आजतागायत उत्तम चालते, मात्र त्याला हिंगाचा वास येतो.

कार्यक्रमाच्या दुपारी साऊंडवाल्याने एकच प्रश्न विचारला: “कॅनन आसा की पी-३८?” ही दोन्ही वायरींच्या टोकांची नावे होती, आणि माझ्याकडे सत्तावीस वायरी असून त्याला हवी असलेली नव्हती. त्याने कशीबशी जोडणी केली आणि स्पीकर चालू करताच मंडपभर एक जाड, अखंड घुमणारा आवाज पसरला. माझा लॅपटॉप एका बोर्डावर आणि त्याचा मिक्सर गाभाऱ्याजवळच्या बोर्डावर होता. दोघांचे अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेले की वायरींचा वेढा तयार होतो आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरते. मी घाम पुसत हे समजावत असताना आमचे भजनीबुवा सभामंडपातून उठून आले, डोळे मिटून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “पांढरी पाच. पण वायच चढी आसा.”

मी मोबाइलवर पडताळून पाहिले. पांढरी पाच म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, तिचा तो खर्ज ४९ हर्ट्झ असतो. बुवांचा कान बरोबर होता.

शेवटी दोन्ही पिना एकाच बोर्डात खोचल्यावर गुणगुण थांबली. कार्यक्रम झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या बऱ्याचशा पुढे नाटक आहे म्हणून होत्या. माझे सामान आवरायला पन्नास मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात दशावतारी मंडळींनी पेटारा उघडला, रंग लावले, एक बाक मांडला; मग पायपेटी, मृदंग व झांज एवढ्यावर पहाटेपर्यंत नाटक केले, तेही बहुतेक संवाद रंगमंचावरच सुचवत. त्यांच्याकडे मी शक्यतो पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भजनापूर्वी बुवांनी मला बोलावून घेतले. “तुझी ती पांढरी पाच लाव रे. सूर धरूक बरी.” त्या एका आवाजाला घालवण्यासाठी आदल्या दिवशी मी घाम गाळला होता, तरीही मिक्सरची पिन निमूटपणे गाभाऱ्याजवळच्या बोर्डात नेऊन खोचली. मंडप घुमू लागला. बुवांनी मान हलवली. “बरी आसा. फक्त पेटयेक जुळत नाय, वायच उतरय.”

मी त्यांना सांगितले की ही गुणगुण माझ्या हातात नाही, २०१३ च्या अखेरीपासून जवळजवळ सगळा देश एकाच ग्रिडवर आहे, आणि हा सूर पेटीला जुळवायचा तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या वीजकेंद्रांना दोन टक्के हळू फिरावे लागेल.

बुवांनी झांज उचलली. “मगे फोन करून विचार त्यांका,” ते म्हणाले.